हॉलमधला टीव्ही कोणाचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४० हजार रुपये किंमत असलेला संच आधी ५१,२०० रुपयांना पडत असे, तो आता ४७,२०० रुपयांना पडतो. वाचलेल्या चार हजारांचे काय करायचे, हा प्रश्न ठाण्यापासून कल्याणपर्यंत बहुतेक घरांत एकाच दिशेने सुटतो: ४३ ऐवजी ५० इंची घेऊ, ५० ऐवजी ५५ इंची घेऊ. हप्त्यावर घेतला तर महिन्याला फारसा फरक पडत नाही, हा युक्तिवाद मदतीला असतोच. अनेक घरांसाठी हा निर्णय चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. टीव्ही कोण बघतो, कुठे बसून, किती वाजता आणि कोणत्या उजेडात बघतो, हे आधी ठरले पाहिजे. पडद्याचा आकार त्यानंतर आपोआप ठरतो.

मध्यम किमतीच्या, म्हणजे साधारण ३० ते ६० हजारांच्या बाजारातले दोन संच समोरासमोर ठेवून पाहू. पहिला ४३ इंची, आयपीएस जातीच्या पॅनलचा. दुसरा ५५ इंची, व्हीए पॅनलचा, क्यूएलईडी आणि लोकल डिमिंग (मागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय) असलेला. दोन्हींत मागून दिवे लागतात आणि पुढचे द्रवस्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. व्हीएमध्ये वीज नसताना हे स्फटिक काचेशी काटकोनात उभे राहतात आणि उजेड चांगला अडवतात, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. पांढऱ्या-काळ्यातले प्रमाण तीन ते पाच हजारास एक इतके मिळते. आयपीएसमध्ये स्फटिक काचेला समांतर आडवे असतात, थोडा उजेड निसटतो आणि हे प्रमाण हजारास एकच्या आसपास राहते. कागदावर सामना इथेच संपल्यासारखा वाटतो. पण हे आकडे पडद्यासमोर अगदी मध्यभागी बसणाऱ्याचे आहेत. बाजूने पाहिले की व्हीएच्या उभ्या स्फटिकांतून उजेड निराळा झिरपू लागतो. साधारण २५ ते ३० अंशांपलीकडे चेहरे फिकट पडतात आणि गडद भाग राखाडी होतात. आयपीएसचे रंग त्या मानाने बरेच पुढपर्यंत टिकतात.

आता डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीचा दहा बाय पंधराचा हॉल डोळ्यांसमोर आणा. टीव्ही लांब भिंतीच्या मध्यावर, समोर तीन जणांचा सोफा, खिडकीखाली आखूड भिंतीला लागून दिवाण, आणि समोरच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचे दार. सोफ्याच्या मध्यावरचा माणूस पडद्यापासून आठ फुटांवर, सरळ समोर असतो. सोफ्याच्या टोकाला बसणारा सुमारे २० अंशांवर येतो. स्वयंपाकघराच्या दारातून मालिकेवर लक्ष ठेवणारी बाई पडद्यापासून सात फूट बाजूला आणि नऊ फूट पुढे असते, म्हणजे जवळपास ३८ अंशांवर. दिवाणावर बसलेली किंवा आडवी झालेली आजी साडेसहा फूट बाजूला आणि चारच फूट पुढे असेल, तर तिचा कोन ५८ अंशांच्या घरात जातो. या चौघांपैकी व्हीए पॅनलचे खरे चित्र पूर्णपणे एकालाच दिसते. महागड्या संचाच्या काळ्या रंगासाठी दिलेले पैसे सोफ्याच्या मधल्या जागेवर खर्च झालेले असतात, आणि ती जागा संध्याकाळी सातला बहुधा रिकामी असते. तिथे बसणारा त्या वेळी मुलुंड आणि दिव्याच्या मध्ये कुठेतरी लोकलमध्ये उभा असतो.

आयपीएसचा काळा रंग राखाडी दिसतो, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. अंधाऱ्या खोलीत तो शंभर टक्के खरा आहे. पण हॉलमध्ये संध्याकाळी ट्यूबलाइट चालू असते, मूल अभ्यासाला बसलेले असते, कोणीतरी भाजी निवडत असते. त्या उजेडाचा काही भाग पडद्यावरून परत डोळ्यांत येतो आणि काळ्याला स्वतःच उजळवतो. ढोबळ हिशेब केला तर अंधारात चौपट असणारा व्हीएचा वरचष्मा अशा उजेडात सव्वा ते दीडपटीवर येतो. बाजूच्या कोनातला तोटा मात्र दिवा लावला म्हणून कमी होत नाही. शिवाय आपल्याकडे टीव्ही भिंतीवर पाच फुटांच्या वर टांगण्याची सवय आहे. खाली बसलेल्या मुलांना मग खालून वर पाहावे लागते, आणि व्हीएचे चित्र त्या कोनातही फिके पडते.

दुसऱ्या संचाची बाजू कमकुवत आहे असे मी म्हणत नाही. त्याची खोली आणि त्याची वेळ वेगळी आहे. घोडबंदर रोडवरच्या किंवा पलावातल्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोली आहे, रात्री साडेदहानंतर दिवा बंद करून एक-दोन माणसे पडद्यासमोर सरळ बसतात, चित्रपट आणि वेबमालिका पाहतात, तिथे ५५ इंची व्हीए संच आपली किंमत वसूल करतो. रात्रीच्या दृश्यांत सावल्यांतले तपशील दिसतात आणि काळ्या पट्ट्या खोलीच्या अंधारात मिसळून जातात. एचडीआरचा, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राचा, अर्थही इथेच कळतो. स्वस्त संचावर एचडीआरची पाटी असली तरी त्याची चमक बहुधा अडीचशे ते साडेतीनशे निट्स (चमक मोजण्याचे एकक) इतकीच असते, तर चित्रपटांची एचडीआर प्रत सहसा हजार निट्स किंवा त्याहून अधिक चमक धरून तयार केलेली असते. असा स्वस्त संच एचडीआरचा संकेत स्वीकारतो. चित्र दाखवण्याची ताकद त्याच्यात नसते. मात्र आपल्या ५५ इंची व्हीए संचातही या किमतीत लोकल डिमिंगचे विभाग मोजकेच असतात, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती उजेडाचे वलय उमटते. दिवसा पश्चिमेचे ऊन थेट आत येणारी मोठी सरकती काच असेल, तर पडद्याची चमक आणि त्यावर पडणारे प्रतिबिंब आधी तपासायला हवे.

मोठ्या संचाच्या बाजूने सर्वांत जास्त बोलले जाते ते फोर-केबद्दल. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. या मापाने ४३ इंची पडद्यावर सुमारे साडेपाच फुटांपलीकडे आणि ५५ इंचीवर सुमारे सात फुटांपलीकडे फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळ्याला सापडेनासा होतो. आपला सोफा आठ फुटांवर आहे. म्हणजे या हॉलमध्ये दोन्ही आकारांत ती लढाई संपलेलीच आहे. फोर-के मजकूर मिळवायलाही किंमत मोजावी लागते: नेटफ्लिक्सवर तो ६४९ रुपयांच्या मासिक योजनेतच आहे, आणि त्यासाठी कंपनी १५ एमबीपीएसचा वेग सुचवते. ‘टीव्ही सात-आठ वर्षे टिकतो, पुढे सगळे फोर-केच येईल’ असे कोणी म्हणेल. येऊ दे. तेव्हाही सोफा आठ फुटांवरच असेल. ४३ इंची नवे संच आता बहुतेक फोर-केच असतात, त्यामुळे त्यासाठी वेगळा आकार घेण्याची गरज उरत नाही.

क्रिकेटचेही तसेच. १२० हर्ट्झ हवा, असे विक्रेता सांगतो. आपल्याकडचे एचडी प्रक्षेपण सेकंदाला ५० अर्धचित्रांचे असते; त्याहून जास्तीच्या चौकटी टीव्ही स्वतः अंदाजाने तयार करतो, आणि चेंडू वेगात असताना तो अंदाज कधी कधी चुकतो. प्लेस्टेशनसारखे यंत्र जोडून खेळणारा तरुण घरात असेल तर १२० हर्ट्झला अर्थ आहे. रविवारच्या सामन्याला शेजारचे आठ जण हॉलमध्ये दाटीवाटीने बसणार असतील, तर रुंद कोनाचे पॅनल जास्त उपयोगी पडते.

केबल किंवा डिशवर अनेक घरे अजूनही मराठी वाहिन्यांच्या साध्या, एसडी आवृत्त्या पाहतात, कारण एचडीचे पॅक महाग पडते. एसडी चित्रात ५७६ रेषा असतात. त्या ५५ इंची पडद्यावर ताणल्या की एक रेष जवळपास १.२ मिलिमीटर उंच होते आणि आठ फुटांवरूनही चित्र भुरकट वाटते. ४३ इंचीवर हा त्रास कमी होतो. पण इथे एक आक्षेप मी मान्य करतो. वृद्धांची नजर अधू असते, बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरे त्यांना मोठी हवी असतात. अशा घराने ५० इंचांपर्यंत जावे, पण पॅनल रुंद कोनाचेच घ्यावे. वाचलेले चार हजार साउंडबारमध्ये घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून बसवलेले असतात, मालिकांचे पार्श्वसंगीत संवादांवर चढते आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाचे अर्धे बोलणे हरवते. सत्तरीच्या प्रेक्षकाला स्पष्ट आवाज चित्राच्या खोलीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

हे सगळे मान्य केले तरी उरणारा प्रश्न असा: दोन टीव्ही कोणाला परवडतात, आणि ठेवायचे कुठे? बहुतेक घरांत एकच संच असणार. मग तो कोणाच्या गरजेचा घ्यायचा? आपल्याकडे जो पैसे देतो तो निवडतो. तो दुकानात एकटा जातो, लख्ख दिव्यांत, दुकानासाठीच्या भडक मोडवर फोर-के निसर्गदृश्ये सरळ समोर उभा राहून पाहतो आणि त्यावरून ठरवतो. रात्री उशिरा तास-दीड तास बघणाऱ्यासाठी संच निवडला जातो, आणि दुपारपासून पाच-सहा तास बघणाऱ्या आजी-आजोबांना कोणी विचारतही नाही. घरातला सामाईक टीव्ही सर्वाधिक तास बघणाऱ्याच्या जागेवरून निवडला जावा, हे मला साधे न्यायाचे वाटते. कमावत्याचा हक्क यात डावलला जातो असे नाही. रुंद कोनाचा संच समोरून पाहणाऱ्यालाही चांगलेच चित्र देतो, त्याचे होणारे नुकसान अंधारातल्या काळ्या रंगापुरते आहे. उलट निवड केली तर दिवाणावरच्या माणसाचे नुकसान रोजचे आणि सगळ्या कार्यक्रमांचे आहे.

अडचण अशी की पॅनलची जात खोक्यावर लिहिलेली नसते. एकाच मॉडेल-मालिकेत ४३ इंची संच एका जातीचा आणि ५५ इंची दुसऱ्या जातीचा निघू शकतो. दुकानात चेहऱ्याचे जवळचे दृश्य लावायला सांगून पडद्याच्या बाजूला सरकत जावे. त्वचेचा रंग चार पावलांत उडाला तर ते व्हीए समजावे. एखादी एसडी मराठी वाहिनीही लावून घ्यावी. पण ग्राहकाने प्रयोग करून शोधावी अशी ही गोष्ट नाही. ३२ इंच आणि त्यावरच्या टीव्हींना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोची ताऱ्यांची पट्टी वर्षाला किती युनिट वीज लागेल ते सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा आणि मानक जाणून घेण्याचा हक्क देतो. मग त्याच पट्टीवर पॅनलचा प्रकार, पाहण्याचा उपयुक्त कोन आणि चमक निट्समध्ये छापायला काय हरकत आहे? उत्पादकांना या तिन्ही गोष्टी माहीत असतात. त्या छापण्याची सक्ती केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने करावी, आणि ठाणे जिल्ह्यातील ग्राहक संघटनांनी या मागणीचा पाठपुरावा करावा.