घोरणे म्हणजे गाढ झोप?

अब्बा घोरू लागले की आपण म्हणतो, ‘छान झोप लागली.’ पण मध्येच श्वास १० सेकंद किंवा जास्त अडून गुदमरल्यासारखा परत येत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब चढतो. रोज असे झाले की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी विनाकारण चवताळतात, रक्तवाहिन्यांना आतून सूज येते; हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका वाढतो.

उजव्या कुशीवर झोपण्याची सुन्नत पाळली, वजन उतरवले तर बऱ्याच जणांना आराम पडतो. पण श्वास थांबल्याचे झोपलेल्याला कळत नाही. ते घरच्यांनीच पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. आम्हा शिरपूरकरांना वाशिम काही लांब नाही.