उन्हाळ्याचे कपडे शिवताना : कापड निवडा त्वचेसाठी

फाल्गुन सरत आला, की घराघरांतल्या शिवणयंत्रांवरची धूळ झटकली जाते. मुलींचे फ्रॉक, आजीचे परकर, बाळाची झबली असे किती तरी कपडे आपल्या जिल्ह्यात आजही घरी शिवले जातात. त्यासाठी अहिल्यानगरच्या कापड बाजारात किंवा तालुक्याच्या आठवडे बाजारात आपण जातो, रंग पाहतो, नक्षी पाहतो, भाव करतो आणि शेवटी "ताई, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही" या दुकानदाराच्या एका वाक्यावर कापड फाडून घेतो. ज्या त्वचेला ते कापड दिवसाचे बारा तास चिकटून राहणार, तिचा विचार कुणी करत नाही. घरी शिवण्याचा खरा फायदा चार पैसे वाचतात एवढाच नाही. कापड कोणते आणि शिवण किती सैल, हे आपल्या हातात राहते, हा तो फायदा होय. तो आपण वाया घालवू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

शेवगाव, पाथर्डी, नेवासे या भागांत कापूस पिकतो. पण भर उन्हात तो वेचणाऱ्या बाईच्या अंगावर पाहावे, तर बहुधा पॉलिएस्टरची साडी असते. ज्यांच्या नावाने आपला जिल्हा २०२४ पासून ओळखला जातो, त्या चोंडीच्या अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर वसवले. त्यांच्या माहेरच्या मुलखाने सुती वस्त्राची पारख विसरावी, हे बरे नव्हे.

घाम आणि कापड

घाम येणे हा आजार नाही. घामाची वाफ होताना शरीर थंड होते. अडचण होते ती घाम अंगावर साचून राहिला म्हणजे. नेहमीच्या दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा स्वतःत धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. त्यामुळे दाट विणीच्या पॉलिएस्टरखाली घाम जिरत नाही, काखेत, मांडीच्या सांध्यात, स्तनांखाली आणि कमरेला साचतो. मग घामोळे उठते आणि गजकर्णाच्या बुरशीला आयती ओल मिळते.

गजकर्णाचा उपद्रव गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर वाढला आहे आणि तो पूर्वीसारखा लवकर हटत नाही. औषधांना दाद न देणारी बुरशी आणि दुकानातून आणून मनानेच लावलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे, ही त्याची मोठी कारणे आहेत. कापड बदलल्याने गजकर्ण बरे होत नाही. त्यासाठी डॉक्टरांचे औषध पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावेच लागते. पण औषध चालू असताना अंगावर घट्ट आणि घाम न शोषणारे कपडे असतील, तर औषधालाही यश येणे कठीण जाते. सुती कापडाचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ते घाम पिते, पण चिंब झाले की लवकर वाळत नाही. म्हणून घामाने भिजलेला कपडा दिवसातून एकदा तरी बदलावा. ओला सुती कपडा अंगावरच वाळवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

सुती कसे ओळखावे?

'कॉटन' हा शब्द बाजारात फार सैलपणे वापरला जातो. थानावर किंवा कापडाच्या काठावर धाग्यांचे प्रमाण छापलेले असेल, तर आधी ते वाचावे. '६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कॉटन' असे लिहिलेले कापड सुती नव्हे, मिश्र होय. छाप नसेल, तर कापडाच्या कडेचे उभे आणि आडवे असे दोन्ही धागे थोडे काढून घरी चिमट्यात धरून जाळून पाहावेत. हे मोठ्या माणसाने, खाली ताटली ठेवून, मुलांना दूर ठेवून करावे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदासारखा येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि काळा टणक मणी उरतो. राख आणि मणी दोन्ही आढळले, तर कापड मिश्र समजावे.

दुसरी परीक्षा खळीची. कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी चोळावा. पांढरी भुकटी झडली आणि कापड एकदम पातळ, जाळीदार दिसू लागले, तर ते वजन खळीचे होते, सुताचे नव्हे. तिसरी परीक्षा रंगाची. ओला पांढरा रुमाल कापडावर घासावा. रुमालाला रंग लागला, तर घामाबरोबर तो त्वचेलाही लागणार. 'चुरगळत नाही' अशी खात्री दिलेल्या सुती कापडावर अनेकदा रसायनांची प्रक्रिया केलेली असते आणि काहींना त्यामुळे मान, काखा, मांड्या यांवर खाज व पुरळ येते. सुती कापड चुरगळायचेच. तो त्याचा दोष मानू नये.

कोणासाठी कोणते?

तान्ह्या बाळासाठी मलमल किंवा मऊ केम्ब्रिक घ्यावे. आपल्या आज्या जुन्या धुवट लुगड्याची दुपटी आणि लंगोट करीत. ते केवळ काटकसर म्हणून नव्हते. अनेक धुण्यांनी खळ निघून गेलेले, मऊ पडलेले सूत बाळाच्या नाजूक त्वचेला मानवते. ते स्वच्छ धुऊन, उकळून, उन्हात वाळवून वापरावे. झबल्याच्या गळ्याला नायलॉनची लेस लावू नये. गुंड्यांऐवजी कापडाचेच छोटे बंद लावावेत.

ब्लाउजला सुती 'टू बाय टू' किंवा केम्ब्रिक बरे. वरचे कापड भरजरी असेल, तर निदान अस्तर तरी सुती असावे. परकराला सुती पॉपलिन टिकते. घरात घालायच्या झग्याला वायल चालते. शेतात राबणाऱ्यांनी मात्र केवळ पातळ कापड पाहून भुलू नये. विरळ मलमलीतून ऊन थेट अंगाला लागते. त्यांच्यासाठी मध्यम जाडीचे, फिकट रंगाचे, लांब बाह्यांचे सैल सुती कपडे अधिक योग्य. खादी किंवा हातमागाचे कापड यासाठी उत्तम.

चुलीपाशी किंवा शेगडीपाशी काम करणाऱ्या बायकांसाठी एक इशारा. पॉलिएस्टर आणि नायलॉन पेटल्यावर वितळून कातडीला चिकटतात आणि जखम खोल होते. पण सुती कापडही भरकन पेटते, हे विसरू नये. स्वयंपाकघरात पदर खोचलेला आणि बाह्या आटोपशीर असाव्यात. दुर्दैवाने भाजलेच, तर भाजलेल्या जागी वाहते गार पाणी सोडावे आणि चिकटलेले कापड ओढून काढू नये.

कातरी लावण्यापूर्वी

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून शिवण्याच्या कापडात मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर जास्त घ्यावे. आणलेले कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी धुऊन सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असताना इस्त्री करून मगच कापावे. याने कापड आटण्याचा प्रश्न सुटतो आणि खळ व जादा रंगही निघून जातो. आतल्या शिवणीत माया सोडावी, म्हणजे वाढत्या मुलाचा कपडा उसवून सैल करता येतो. काखेत आणि मांडीच्या सांध्यात शिवण घट्ट बसू देऊ नये. तिथे कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडला की हालचाल मोकळी होते आणि त्वचा घासत नाही.

नाडीची गोष्ट

कापडाइतकेच महत्त्व नाडीला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे साडीच्या बाबतीतही असेच रुग्ण आढळले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीने वर्षानुवर्षे परकराची नाडी आवळून बांधली होती, तर दुसरी परकराविना लुगडे घट्ट नेसत असे. सततच्या घर्षणाने कमरेला जखम झाली, ती बरी होईना आणि अखेर तपासणीत कर्करोग निघाला.

असे क्वचितच घडते, त्यामुळे कुणी घाबरून जाऊ नये. पण कमरेला काळा पट्टा, खाज आणि सोललेली कातडी घराघरांतल्या बायकांना ठाऊक आहे, आणि 'एवढ्याशासाठी डॉक्टरकडे काय जायचे' म्हणून ती लपवली जाते. परकर घरी शिवताना बारीक गोल नाडीऐवजी दोन-तीन बोटे रुंद सुती पट्टी लावावी, नाडी सैल बांधावी, घरात असताना ती मोकळी सोडावी. कमरेची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. यात लाज कसली?

शाळांनीही विचार करावा

शाळेच्या गणवेशाचे कापड पालक निवडत नाहीत, पण त्याचा घाम मुलेच सोसतात. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी राज्य शासनाने २०२४-२५ मध्ये कापड एकाच ठिकाणाहून घेऊन बचत गटांकडून गणवेश शिवून घेण्याचा प्रयोग केला. त्यावर बऱ्याच तक्रारी झाल्या आणि २०२५-२६ पासून हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. या समित्यांत पालक असतात. त्यांनी बैठकीत रंगाइतकीच धाग्यांच्या प्रमाणाचीही चौकशी करावी. मिळणाऱ्या पैशांत शंभर टक्के सुती बसणार नाही हे खरे. परंतु सुताचे प्रमाण जास्त असलेले कापड मागणे आणि शिवण सैल ठेवायला सांगणे, याला जास्त खर्च येत नाही.

सुती कापड महाग पडते, रंग लवकर उतरतो, इस्त्रीचा व्याप असतो, या तक्रारी खोट्या नाहीत. सगळे कपडे सुती करणे सर्वांना परवडणारही नाही. म्हणून क्रम ठरवावा : आधी आतले कपडे, बाळाचे कपडे आणि परकर, मग ब्लाउजचे अस्तर, मग रोजचा घरातला व शेतातला कपडा. लग्नकार्यातली चमचमती साडी चार तासांची असते, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. रोज अंगाला लागणारे कापड मात्र पारखून घ्यावे, भिजवून कापावे आणि सैल शिवावे.