शिबिर संपले, हंगाम कुठे?

जेद्दातील किंग अब्दुल्ला क्रीडानगरीत 5 ऑगस्ट 2025 रोजी भारताच्या बास्केटबॉल संघाने जॉर्डनला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि 84-91 असा सामना गमावला. जॉर्डन हा 2023 च्या विश्वचषकात अमेरिका आणि ग्रीसशी खेळून आलेला संघ. त्याला भारताने चाळीस मिनिटे पुढे निसटू दिले नाही, ही आशिया चषकाच्या पहिल्याच दिवशी अनेकांच्या भुवया उंचावणारी बातमी होती. पुढच्या चार दिवसांत तिचे तेज ओसरले. चीनविरुद्ध 69-100, यजमान सौदी अरेबियाविरुद्ध 59-84, आणि गटात शेवटचा क्रमांक. तीन वर्षांपूर्वी जाकार्तात न्यूझीलंड, फिलिपिन्स आणि लेबनॉन या तिघांनीही भारताविरुद्ध शंभरी गाठली होती. त्या मानाने जेद्दातील कामगिरी सुधारलेली होती, हे मान्य करायलाच हवे. पण जॉर्डनविरुद्ध जादा पाच मिनिटांत पडलेले सात गुणांचे अंतर आणि पुढच्या दोन सामन्यांतली वाढत गेलेली दमछाक यांचे कारण एकच आहे, आणि ते खेळाडूंच्या उंचीत किंवा जिद्दीत शोधून सापडणार नाही.

मुळात भारत जेद्दाला पोहोचला कसा, हे पाहिले पाहिजे. आशिया चषकाच्या पात्रता फेरीत चोवीस संघ होते, चार-चारांचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट पात्र. तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांतून आणखी चौघांना संधी. भारताच्या गटात इराण, कतार आणि कझाकस्तान होते. इराण आणि कतारच्या पुढे जाणे जमले नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईत कझाकस्तानला 88-69 असे हरवले, म्हणून तिसरा क्रमांक तरी हाती राहिला. मग मार्च 2025 मध्ये मनामात अखेरची फेरी झाली. भारत, इराक आणि यजमान बहारीन यांच्यापैकी दोघे जाणार होते. बहारीनला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर मागे टाकून भारत आणि इराक गेले. म्हणजे सहापैकी चौघांना आत घेणाऱ्या शेवटच्या दाराने आपण आत शिरलो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र दरवेळी त्याच दारापाशी उभे राहायचे का, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आज अधिक टोकदार झाला आहे, कारण पात्रतेची रीतच बदलली आहे. पूर्वी उन्हाळ्यात एकच स्पर्धा असायची. त्याआधी दीड-दोन महिने शिबिर भरवले, खेळाडूंना दौडवले, चार डावपेच घोटून घेतले की संघ विमानात बसायचा. 2017 पासून ‘फिबा’ या जागतिक संघटनेने फुटबॉलसारखी घरच्या आणि परक्या मैदानावरील सामन्यांची पद्धत आणली. वर्षातून दोन-तीन वेळा थोड्या दिवसांची ‘विंडो’ उघडते, त्यात दोन सामने होतात, आणि सगळे आपापल्या क्लबकडे परततात. इराणी, लेबनानी, जपानी किंवा फिलिपिनो खेळाडू अशा विंडोसाठी येतो तेव्हा तो आदल्याच आठवड्यात लीगचा सामना खेळलेला असतो. प्रशिक्षकाला त्याच्याशी फक्त राष्ट्रीय संघाच्या चाली बोलायच्या असतात. दम आणि नजर तो सोबत घेऊन येतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक विंडोआधी लगीनघाई सुरू होते. शिबिराचा पहिला भाग खेळाडूंना सामन्याच्या लायक करण्यातच खर्ची पडतो.

याचे कारण आपल्या बास्केटबॉलच्या रचनेत आहे. भारताचा बास्केटबॉलपटू हा आधी कर्मचारी असतो. रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक यांनी या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या पोसले, आणि स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीने पंजाबच्या खेड्यांतल्या, वाराणसीच्या गल्ल्यांतल्या कितीतरी मुलामुलींच्या घरात स्थैर्य आणले. या व्यवस्थेची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण ही व्यवस्था स्पर्धा घडवते, हंगाम घडवत नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद, फेडरेशन चषक, कोइम्बतूरचा पीएसजी चषक, माटुंग्याच्या डॉन बॉस्कोतील सॅव्हिओ कप यांसारख्या स्पर्धा आठवडाभरात उरकतात. काही दिवसांत धडाधड पाच-सहा सामने आणि नंतर दीर्घ शांतता. सामना हरल्यावर त्याची चित्रफीत पाहायची, चूक सुधारायची आणि पुढच्या आठवड्यात त्याच तोडीच्या संघाविरुद्ध ती सुधारणा तपासायची, हे चक्र सहा महिने फिरले तर खेळाडू शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाकडे द्यायचा हे शिकतो. ते शिबिरात शिकवता येत नाही. जॉर्डनविरुद्धच्या जादा वेळेत नेमके हेच उणे पडले.

लीगचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 2015 मध्ये यूबीए लीग सुरू झाली, गाजावाजा झाला, परदेशी प्रशिक्षक आले, आणि 2017 नंतर ती थांबली. पुढे भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पुढाकाराने आयएनबीएल ही लीग आली; तिची पंचवीस वर्षांखालील खेळाडूंची आवृत्ती 2025 च्या सुरुवातीला दिल्लीत झाली. हे सगळे स्वागतार्ह. पण एकाच शहरात काही आठवड्यांत आटोपणारी लीग टीव्हीला सोयीची असते, खेळाडूला अपुरी. मुंबईचा संघ मुंबईत खेळणार नसेल तर त्याला मुंबईचे कोण म्हणणार?

जपानचे उदाहरण इथे डोळ्यांत अंजन घालणारे आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘फिबा’ने जपानला निलंबित केले होते. कारण तिथे एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन लीग होत्या आणि संघटनेला त्यांचे एकत्रीकरण जमत नव्हते. फुटबॉलची जे-लीग उभी करणारे साबुरो कावाबुची यांना बोलावण्यात आले. त्यांनी दोन्ही लीग मोडून एक केली, आणि सप्टेंबर 2016 मध्ये बी-लीग सुरू झाली. लगेच चमत्कार झाला नाही. 2019 च्या विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेरीत जपान पहिले चारही सामने हरला. मग सलग आठ जिंकून पात्र ठरला. 2023 मध्ये ओकिनावात फिनलंड, व्हेनेझुएला आणि केप व्हर्डे यांना हरवून आशियातला सर्वोत्तम संघ म्हणून थेट पॅरिस ऑलिंपिकला गेला. दरम्यान त्यांच्या महिलांनी टोकियोत रौप्यपदक मिळवले होते. निलंबनापासून ऑलिंपिकच्या तिकिटापर्यंत नऊ वर्षे लागली. जपान्यांची सरासरी उंची या नऊ वर्षांत वाढली नव्हती.

त्याच सुमारास, 2015 मध्ये, भारतातही महासंघाचे दोन तुकडे झाले होते. दोन अध्यक्ष, दोन कार्यालये, दोन्हीकडून खरेपणाचे दावे. ‘फिबा’ने एका गटाला मान्यता दिली आणि प्रश्न मिटला, असे सर्वांनी मानून घेतले. जपानने निलंबनाच्या धक्क्यातून घर नव्याने बांधले. आपण फक्त किल्ली कुणाकडे राहील एवढे ठरवले. 2023 मध्ये महासंघात सत्तांतर झाले आणि तमिळनाडूच्या राजकारणातही सक्रिय असलेले आधव अर्जुना अध्यक्ष झाले. त्यानंतर चेन्नईला घरचे सामने मिळाले आणि स्कॉट फ्लेमिंग हे अमेरिकी प्रशिक्षक पुन्हा परतले, ही जमेची बाजू.

फ्लेमिंग यांचे परतणे बोलके आहे. याच फ्लेमिंग यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने जुलै 2014 मध्ये वुहानमध्ये चीनला 65-58 असे हरवले होते. चीनच्या भूमीवर चीनला! त्यानंतर वर्षभरातच पंजाबच्या बल्लोके गावच्या सतनामसिंग भामरा याला डॅलस मॅव्हरिक्सने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर निवडले. 2017 मध्ये अमृतपालसिंग सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियात खेळला, अमज्योतसिंग एनबीएच्या जी-लीगमध्ये गेला. दोन-तीन वर्षे असे वाटत होते की आता काहीतरी सुरू झाले. सुरू झालेले टिकवायला मात्र इथे काही नव्हते. या खेळाडूंच्या मागे येणाऱ्या मुलांना रोज भिडायला त्यांच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हता, आणि स्वतः सतनामचे बास्केटबॉल उत्तेजक द्रव्य चाचणीतल्या बंदीने संपले. आता तो कुस्तीच्या रिंगणात असतो.

आणखी मागे जायचे तर 1975 साली बँकॉकमध्ये भारत आशियात चौथा आला होता. चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि मग आपण. फिलिपिन्स आपल्या मागे. हा आजवरचा सर्वोच्च क्रमांक. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचे पुरुष खेळले, पण तो प्रवेश बहिष्काराने मोकळ्या झालेल्या जागांचा होता आणि तिथे बारा संघांत बारावा क्रमांक आला. बाकीचा आशिया नंतरच्या दशकांत नोकरीतून व्यवसायाकडे गेला. आपण नोकरीतच राहिलो.

सध्या एक सोपा उपाय सुचवला जातो: परदेशातल्या भारतीय वंशाच्या किंवा परदेशी खेळाडूला नागरिकत्व द्या. ‘फिबा’च्या नियमानुसार संघात असा एक खेळाडू चालतो आणि आशियात जवळपास सगळेच ही मुभा वापरतात. फिलिपिन्सने जस्टिन ब्राउनली या अमेरिकी खेळाडूसाठी 2023 मध्ये चक्क स्वतंत्र कायदा केला. जॉर्डनकडे डार टकर आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असलेल्याला राष्ट्रीय संघात घेण्याची परवानगी नाही. सात फूट पाच इंचांचा सिम भुल्लर 2015 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत उतरला, भारतीय वंशाचा पहिला खेळाडू म्हणून आपण त्याचे कौतुक केले. भारताच्या जर्सीत तो कधी येऊ शकला नाही. फुटबॉलमध्ये रायन विल्यम्सने 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. बास्केटबॉलमध्ये तसे कुणी येणार असेल तर दार उघडे असावे, आणि ओसीआयबाबतच्या नियमाचाही फेरविचार व्हावा. मात्र असा खेळाडू विंडोपुरता येतो आणि जातो. बाकीचे अकरा जण त्यानंतर कुठे खेळतात, यावर सगळे अवलंबून आहे.

महिलांच्या संघाची कथा तर या दुखण्याचे अधिक स्वच्छ निदान करते. 2017 मध्ये बेंगळुरूत त्यांनी आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकला आणि जपान, चीन, ऑस्ट्रेलियाच्या पंगतीत जागा मिळवली. 2019 मध्ये आठव्या, 2021 मध्ये अम्मानला पुन्हा आठव्या आणि परत ‘ब’ विभागात. वरच्या विभागात एकदा पोहोचता येते; तिथे राहण्यासाठी वर्षभर खेळावे लागते. पुण्याच्या शिरीन लिमये यांच्यासारख्या कर्णधाराच्या पिढीला एकही टिकलेली व्यावसायिक लीग मिळाली नाही. पुरुषांच्या लीगची चर्चा करताना महिलांबाबत ‘नंतर बघू’ ही भूमिका जपानने घेतली नाही. आपणही घेऊ नये, कारण वरच्या विभागाचे दार महिलांना अधिक जवळ आहे.

महाराष्ट्राने या सगळ्यात प्रेक्षक म्हणून बसावे असे काही नाही. मुंबईच्या नागपाड्यात, मस्तान तलावाच्या परिसरात आणि वायएमसीएच्या कोर्टवर, या खेळाची जी बैठक आहे तिने भारताला अनेक खेळाडू दिले. 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते आणि भारताचे माजी कर्णधार अब्बास मुन्तसिर हे तिथलेच. तिथून वरळी फार लांब नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, तेव्हा किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या जन्मगावी आपला संघ घेऊन आले होते. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. त्या मुलांपैकी जे आज कॉलेजात बास्केटबॉल खेळत असतील, त्यांना भारताचा संघ प्रत्यक्ष पाहण्यासाठी चेन्नईची गाडी पकडावी लागू नये.

जेद्दाला खेळलेले सोळाही संघ आता 2027 च्या दोहा विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेरीत आहेत. भारताच्या गटात सौदी अरेबिया, कतार आणि लेबनॉन आहेत. म्हणजे जेद्दाच्या पात्रतेचा खरा लाभ तिथल्या तीन सामन्यांत नव्हता, त्यानंतर मिळणाऱ्या या घरच्या-बाहेरच्या सामन्यांत आहे. दोहाची आशा कुणी फारशी बाळगत नाही. तरीही या विंडोंच्या मधल्या महिन्यांत काय होते, यावर पुढच्या आशिया चषकाची पात्रता ठरणार आहे.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात संघटनांच्या निवडणुका, वयोमर्यादा, तक्रारनिवारण यांची तरतूद आहे. वेळापत्रकाची नाही, आणि ती कायद्यात असूही नये. ते काम महासंघाचे. ऑक्टोबर ते मार्च असा सहा महिन्यांचा पुरुष आणि महिला दोघांचा हंगाम, संघांचे सामने त्यांच्या त्यांच्या शहरांत, आणि त्या काळात खेळाडूंना पगारी रजा देण्याबाबत रेल्वे, सेनादल आणि बँकांशी लेखी करार, एवढे महासंघाने पुढच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीआधी जाहीर करावे. महाराष्ट्राच्या राज्य संघटनेने त्यात दोन संघांची आणि एका विंडोच्या यजमानपदाची मागणी आजच नोंदवावी. बालेवाडीत सभागृह आहे, वरळीत डोम आहे, आणि तिकीट काढणारे लोक 2019 मध्ये दिसले आहेत.