घराची गोष्ट मुलांना सांगा

अकोट, तेल्हारा, दर्यापूर, परतवाडा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. मुलांचा विश्वास संडे स्कूलवर सोपवून मोकळे होऊ नका. सोनेरी वचनांचं पाठांतर, नाताळातलं नाटक, मे महिन्यातली व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, हे सगळं हवंच. शिकवणाऱ्या ताया-दादा पगाराशिवाय जीव ओतून शिकवतात. पण त्यांच्या हाती मूल आठवड्यातून तासभर असतं. बाकीचा आठवडा ते तुमच्याकडे बघत असतं.

शाळा हे काम करणार नाही आणि तिने करूही नये. संविधानाच्या 28व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय ते मुलावर लादता येत नाही. या तरतुदीमुळे आपलीही मुलं सुरक्षित आहेत. तेव्हा जबाबदारी घराची आहे.

घराने काय सांगायचं? बहुतेकांना वाटतं, आपल्याला शास्त्र फारसं कळत नाही, मुलाने अवघड काही विचारलं तर पाळकसाहेबांकडे पाठवू. पण मुलांचा पहिला प्रश्न शास्त्रातला नसतोच. तो त्यांना वर्गात विचारला जातो. तुम्ही ख्रिश्चन कधी झालात? कशासाठी झालात? एखादा पुढे जाऊन म्हणतो, तुमच्या पणज्याला धान्य दिलं असेल. बारा-तेरा वर्षांचं पोरगं खाली मान घालून घरी येतं, विचारतं, आणि आपण म्हणतो, ‘जाऊ दे, लक्ष नको देऊ.’ असं दोन-तीनदा झालं की ते विचारणं सोडतं. या घरात काहीतरी लपवण्यासारखं आहे, एवढं त्याला कळतं.

मोशेच्या पुस्तकांत वल्हांडण सणाविषयी एक फार शहाणी सूचना आहे. मुलांनी विचारलं की या विधीचा अर्थ काय, तर त्यांना मिसरातल्या त्या रात्रीची हकिकत सांगा. उत्तर म्हणून तिथे सिद्धांत दिलेला नाही, घडलेली गोष्ट दिली आहे: आम्ही कोण होतो आणि देवाने आम्हांला कुठून काढलं. वऱ्हाडातल्या प्रत्येक ख्रिस्ती घराजवळ अशी गोष्ट आहे. ती सांगा.

1896-97 आणि लगेच 1899-1900, असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर कोसळले. अकोल्याला केंद्र असलेल्या अलायन्स मिशनने त्या काळात अनाथ मुलामुलींना आसरा दिला. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळी मुलुखातून मुली-बायका आणून मुक्ती मिशन उभं केलं. कुणाची पणजी अशा एखाद्या अनाथालयात वाढली. कुणाचे आजोबा परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरुग्णालयात आले, कारण घरच्यांनी दार लावून घेतलं होतं. कुणाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते आणि प्रभुभोजनाच्या मेजाशी मात्र सगळ्यांबरोबर बसता आलं. कुणी शुभवर्तमान वाचलं आणि महिनोन् महिने विचार करून निर्णय घेतला. तुमच्या घराची जी असेल ती गोष्ट खरीखुरी सांगा, भुकेसकट सांगा. ज्याने मरणाच्या दारातून ओढून जेवू घातलं, त्याचा देव कोण हे जाणून घ्यावंसं वाटलं, यात लाज कसली? आणि मुलाला हेही दाखवा, की दुष्काळ सरला, धान्य वाटप थांबलं, परदेशी मिशनरी निघून गेले, तरी आपली माणसं देवळात येतच राहिली. पहिल्या वर्षाचं कारण भूक असेल. पुढची शंभर वर्षं भुकेवर निघत नाहीत.

एक नाजूक गोष्ट इथेच बोलली पाहिजे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956मध्ये शीख आणि 1990मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. म्हणून काही घरांत कागदावर एक ओळख आणि रविवारी दुसरी, असं चालत आलं. त्यामागे गरिबी आहे, शिक्षणाची धडपड आहे, आणि धर्म बदलला म्हणून जात काही गावकुसाबाहेरून आत आली नाही, हे कडू सत्यही आहे. त्या घरांना दोष देण्याचा हक्क मी स्वतःकडे घेत नाही. पण जातीचा दाखला काढायच्या दिवशी मुलाला हे एकट्याने शोधून काढायला लावू नका. आधी जवळ बसवून सगळं सांगा, तुम्हांला त्याचा किती त्रास होतो तेही सांगा. खरं बोलणाऱ्या आईबापांचा देव मुलांना खरा वाटतो.

आता जी मुलं म्हणतात, मला चर्चला यायचं नाही, त्यांच्याविषयी. ओरडू नका, खर्चाचे पैसे बंद करू नका, मावशी-काकांसमोर विषय काढू नका. मराठीत याबाबत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतकं शिकवणारं पुस्तक नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली, जातिभेदाचा स्वतःच्या डोक्याने विचार करून, मनाची खात्री पटल्यावर. नवऱ्याचा विश्वास बायकोला उसना घेता आला नाही. तसाच आईबापांचा मुलांनाही येत नाही. तरण्या मुलाची शंका ऐकून घ्या. उत्तर येत नसेल तर ‘मलाही हे कळत नाही, पण मी प्रार्थना सोडलेली नाही’ एवढं म्हणा.

रोजची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांची असू द्या, पण रोज असू द्या. लांबली की मुलं पेंगतात. पवित्र शास्त्राचा उतारा मुलालाच वाचायला द्या. उपासना संगीतातली टिळकांची भजनं त्याला अर्थासकट शिकवा. अभंगाची चाल आपल्या मातीतली आहे, पोरांच्या जिभेवर ती लवकर बसते. तरुण संघात पोरं गिटारवर हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात, तीही म्हणू द्या. पण आजीबरोबर म्हणता येईल असं एक तरी गीत त्यांच्याजवळ हवं. पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना आधी त्याची आजी लोईस आणि मग आई युनीके यांची नावं घेतली आहेत. त्याचे वडील ग्रीक होते, विश्वास आला तो आजी आणि आईकडूनच. पहाटे उठून नातवंडांची नावं घेऊन प्रार्थना करणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्या शेजारी पोरांना बसवा.

शेजाऱ्यांच्या देवाची टिंगल करून आपला विश्वास शिकवू नका. पोराला मित्राकडे दिवाळीच्या फराळाला, ईदच्या शीरखुर्म्याला जाऊ द्या आणि नाताळात त्या मित्रांना घरी बोलवा. द्वेषाच्या आधाराने उभा राहिलेला विश्वास कॉलेजात गेल्यावर पहिल्या चांगल्या मित्राबरोबरच ढासळतो.

आणि बारावीनंतर मुलं पुण्याला, नागपूरला निघाली की नुसती वसतिगृहाची चौकशी करून परतू नका. तिथली एखादी मराठी मंडळी आधी शोधा. पहिल्या रविवारी स्वतः बरोबर जा, पाळकांची आणि तरुण संघातल्या दोघा-तिघांची ओळख करून द्या, रविवारी जेवायला बोलावणारं एखादं घर मिळतं का पाहा. मंडळीच्या वडीलजनांनीही बाहेरगावी गेलेल्या मुलांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन करावा. सुट्टीत मूल अकोटला आलं की त्या रविवारी शास्त्रवाचन त्याच्याकडे द्यावं.