१४ माणसांचं गाव

जनगणनेचा आकडा बघून आपण पटकन म्हणतो, “हे गाव संपलं.” मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं निकोडेमस बघा. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी केंटकीहून येऊन १८७७ मध्ये ओसाड माळावर ते वसवलं. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या घरांत काढला. पुढे शाळा झाली, चर्च झालं, वर्तमानपत्रंही निघाली. १८८८ मध्ये रेल्वे मात्र नदीपलीकडून गेली आणि बरेच दुकानदार तिच्यामागे गेले. २०२० च्या जनगणनेत माणसं उरली फक्त १४. तरीही दर उन्हाळ्यात गुलामगिरीतून मुक्तीचा सण साजरा करायला वंशज लांबून गावी येतात. त्यांना कुठल्या रकान्यात मोजायचं? माझ्या मते, कुणीतरी आठवणीनं परत येतंय तोवर गाव संपलं म्हणू नये.