मंडळाला एक गोधडी हवी

मध्यंतरी आपल्या मंडळात तणावमुक्तीवर व्याख्यान झालं. माझ्या शेजारची मैत्रीण मांडीवर लोकरीचा गुंडा ठेवून क्रोशाची सुई चालवत होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अगं, लक्ष दे जरा!" मला मात्र वाटलं, त्या हॉलमध्ये खरोखर तणावमुक्त असलेली ती एकटीच असावी.

तेव्हापासून मनात घोळतंय ते आज मांडते. मंडळाने सुईदोऱ्याचा कट्टा सुरू करावा, आणि तो फावल्या वेळचा छंदवर्ग न मानता योगवर्गाइतकाच आरोग्याचा भाग मानावा.

माझं माहेर गुंद. उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या खोऱ्यातलं जंगलाच्या कुशीतलं गाव. पावसाळ्यात दोरीवरचं धुणं दोन-दोन दिवस ओलं राहायचं. घराबाहेर पडणं नको व्हायचं, तेव्हा आजी जुनी लुगडी काढून गोधडी शिवायला बसायची. शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. तुला यातून मनःशांती मिळते का, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "शांतीचं काय ते तुम्ही बघा, थंडीत पांघरणार काय?"

गुंदच्या शेजारच्या हल्याळ आणि यल्लापूर तालुक्यांत सिद्दी समाजाच्या बायका गोधड्या शिवतात. हे मूळ आफ्रिकेतले लोक. पोर्तुगिजांच्या काळात अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं गेलं, त्यातले कित्येक निसटून या रानात स्थिरावले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. जुन्या साडीच्या अस्तरावर एका कोपऱ्यापासून तुकडे लावायला घ्यायचे आणि धावदोरा घालत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावली की कवंदी पुरी झाली. अमेरिकेतले कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि 2011 मध्ये या कवंदी न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये मांडल्या गेल्या. घरातल्या चिंध्यांना जगाने कला म्हटलं. मला मात्र त्या कापडाइतकंच ते शिवताना चालणारं बसणं मोलाचं वाटतं.

त्या बसण्यात काय घडतं? हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात सांगितलं, की एखादा शब्द, श्वास किंवा हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिलं आणि मनात येणारे विचार येऊन जाऊ दिले, की श्वास आणि नाडी संथ होते. जपमाळ ओढणाऱ्याला हे नवं नाही. टाका हाही एक मणीच! त्यात हात गुंतलेले आणि नजर खाली, त्यामुळे अवघड गोष्ट बोलायला सोपी जाते. घरातली दुखणी, सासुरवास, कर्ज, हे सगळं आजीच्या पडवीत गोधडीवर मान खाली घालूनच बोललं जायचं.

2013 मध्ये ब्रिटनच्या व्यवसायोपचार विषयाच्या नियतकालिकात विणकाम करणाऱ्या 3,545 जणांची पाहणी छापून आली. जितकं वारंवार विणकाम, तितकं शांत आणि आनंदी वाटतं, असं त्यात दिसलं. गटात विणणाऱ्यांनी आनंद आणि लोकसंपर्क वाढल्याचं सांगितलं. 2011 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 70 ते 89 वयाच्या 1,321 जणांचा अभ्यास मांडला. विणकाम, गोधडीकाम अशा हस्तकला करणाऱ्यांमध्ये बौद्धिक क्षमतेची सौम्य घट कमी आढळली.

इथे कुणी म्हणेल, मुळात ज्यांची तब्येत चांगली तेच विणत बसतात. शंका रास्त आहे. पहिल्या पाहणीत लोकांनी स्वतःबद्दल सांगितलं होतं आणि दुसऱ्या अभ्यासात दिसला तो संबंध. कारण सिद्ध झालेलं नाही. खोल नैराश्याला डॉक्टरच हवा, सुई पुरायची नाही. तासन्तास वाकून बसलं तर मान आणि मनगटं बोलू लागतात, म्हणून अर्ध्या तासाने उठायलाच हवं. पण ज्यात फारसा खर्च नाही आणि तोटाही जवळजवळ नाही, ते करून बघायला शंभर टक्के पुरावा कशाला?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: "आज्यांच्या हातातली सुई सुटली, ती पुन्हा आमच्या हातात देता?" आजीला पर्याय नव्हता, हे मी विसरलेले नाही. म्हणून कट्टा सक्तीचा नको आणि फक्त बायकांचाही नको. संत नामदेव शिंपी, कबीर विणकर. आपल्याकडे सुई आणि धागा पुरुषांच्या हाताला कधीच परके नव्हते. निवृत्तीनंतर 'आता दिवस कसा घालवू' म्हणणारे काका आपल्याकडे कमी नाहीत.

तर सूचना अशी. महिन्यातून एक शनिवार, दोन तास, फोन पिशवीत. महागडे संच विकत आणायचे नाहीत. प्रत्येकाने घरातलं एक जुनं सुती कापड आणायचं. वर्षभरात सगळ्यांनी मिळून एकच गोधडी शिवायची आणि त्या वर्षी मंडळात जन्मलेल्या बाळाला द्यायची. बाळं दोन झाली तर पुढच्या वर्षी हात जास्त लावू.

अस्तराला माझी जुनी साडी देते. पहिला कोपरा कोण धरणार, तेवढं समितीने कळवावं.