मुका रेडिओ बोलका करा!

दोस्तांनो, हॅम रेडिओच्या रिसीव्हरचं किट हाती आलं की कधी एकदा सगळं जोडतो असं होतं ना? जरा दम धरा. आधी भाग ताटलीत काढून यादीशी ताडून पाहा. रेझिस्टरचे रंग दिवसाउजेडी वाचा. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १००० ओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे चक्क १०,०००! इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा लांब पाय धन. उलटा बसला तर तो फुटूही शकतो.

आता डाख. नवशिक्यांचं किट मुकं राहतं, ते बरेचदा इथेच. सोल्डरिंग आयर्नचं टोक भागाच्या पायाला आणि पाटीवरच्या तांब्याला एकदमच टेकवा. दोन-तीन सेकंदांनी सोल्डरची तार त्या तापलेल्या जागेला लावा, आयर्नच्या टोकाला नव्हे. सोल्डर वितळून पसरतं आणि निवल्यावर इवलासा डोंगर दिसतो. नुसतीच गोळी बसली तर डाख कच्चा! पुन्हा तापवा. आई-बाबा, टोक ३०० अंशांच्या वर तापतं, तेव्हा शेजारी बसा. पण काम मुलांनाच करू द्या हं! सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

७ मेगाहर्ट्झसाठी अँटेनाची तार साधारण २० मीटर लागते. ती विजेच्या तारांपासून खूप दूर बांधा. नॉब अगदी हळू फिरवा. सुरुवातीला माणसं बदकासारखी बोलतील, मग आवाज सुटा होईल. ‘व्हीयू’ने सुरू होणारं सांकेतिक नाव आलं, की समजा, तो आपल्याकडचा हॅम. त्याला उत्तर द्यायचं असेल, तर मात्र परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो.